कोयनेल : एका सालीच्या नांवाची हकीकत

हिंवतापाच्या दिवसांत घरोघर कोयनेलाची पुडी असे. पांढरी, बारीक, दिसण्यांत निरुपद्रवी अशी ती भुकटी जिभेला लागली कीं मुलें घरभर पळत आणि वडील माणसें त्यांना धरून आणीत. गुळाच्या खड्यांत, केळ्याच्या फोडींत, मधाच्या बोटावर, कशांतहि ती लपविली तरी तिचा कडूपणा लपत नसे. चार दिवस ती पोटांत गेली कीं ताप उतरे, पण कान गुणगुणूं लागत व ऐकूं कमी येई. ती पुडी आतां घरांतून गेली. परंतु 'कोयनेलासारखें कडू' हें बोलणें पुष्कळ घरांत अजून ऐकूं येतें. हा शब्द मूळचा कोणाचा, असें विचारलें तर शाळेंतला मुलगाहि उत्तर देईल कीं इंग्रजी 'क्विनाईन'चा तो मराठी अपभ्रंश आहे. उत्तर खरें आहे. पण तें अर्ध्या वाटेवर थांबणारें आहे. इंग्रजांनीं तो शब्द फ्रेंचांकडून उचलला, फ्रेंचांनीं स्पॅनिश लोकांकडून, आणि स्पॅनिश लोकांना तो दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतावर, केचुआ भाषा बोलणाऱ्या लोकांच्या तोंडीं सांपडला. तेथें त्याचा अर्थ औषध असा नव्हता, ताप असा नव्हता, कडू असाहि नव्हता. 'किना' म्हणजे साल. झाडाच्या अंगावरचें तें जाड, राठ आवरण. त्यापलीकडे त्या शब्दांत कांहीं नव्हतें.

आधीं आपल्या घरचा हिशेब पुरा केला पाहिजे. 'क्विनाईन'चा शेवटचा 'न' जाऊन 'ल' कसा आला? मराठीच्या कानाला 'न' आणि 'ल' यांची अदलाबदल नवी नाहीं. संस्कृत 'निंब' याचा मराठींत 'लिंब' झाला. 'नवनीत' याचें 'लोणी' झालें. उलट दिशेनें 'लांगल' याचा 'नांगर' झाला. अलीकडच्या काळांत 'नंबर' खेड्यांत 'लंबर' होऊन बसला. एकाच शब्दांत दोन सारखीं अक्षरें जवळ जवळ आलीं कीं जीभ त्यांतलें एक बदलून टाकते, ही भाषेची जुनी खोड आहे. 'क्विनाईन'मध्यें दोन 'न' होते. एक राहिला, एकाचा 'ल' झाला. कडुलिंब आणि कोयनेल हीं दोन्हीं कडू औषधें एकाच वळणानें मराठींत आलीं, ही मौजेची गोष्ट आहे.

झाडाच्या सालीला नुसतें 'साल' म्हणून औषधाचें नांव करून टाकावें, हेंहि आपल्याला परकें नाहीं. आपल्या भाषेंत बाहेरच्या कठीण आवरणांची नांवें भरपूर आहेत. झाडाची ती साल, भुईमुगाचें तें टरफल, नारळाचें तें सोडण आणि त्याच्या आंतली ती करवंटी, ऋषींच्या अंगावरचें तें वल्कल. प्रत्येकाची जागा ठरलेली. टरफलाच्या जागीं करवंटी म्हटलें तर ऐकणारा हंसेल. (वर्षाला आपण 'साल' म्हणतों तो शब्द मात्र फारसी आहे, झाडाच्या सालीशीं त्याचें नातें नाहीं.) परंतु वैद्यकांत 'त्वक्' म्हणजे नुसती 'त्वचा' असें म्हटलें कीं वैद्य दालचिनीच समजतो. त्वक्, एला, पत्र आणि नागकेशर या चतुर्जातांतली पहिली वस्तु तीच. ज्या झाडाचें सर्वस्व त्याच्या सालींत आहे त्याच्या सालीला दुसरें विशेषण लावावें लागत नाहीं. अँडीजमध्यें हेंच घडलें. स्पॅनिश भाषेंत 'कास्कारा' हा शब्द अंड्याच्या कवचाला, बदामाच्या टरफलाला, नारिंगाच्या सालीला आणि झाडाच्या सालीलाहि चालतो. त्याचेंच लाडकें रूप 'कास्कारिया', म्हणजे सालटी. ज्वरावरच्या या सालीला व्यापारी तेंच म्हणत, आणि रानांत शिरून ती काढणाऱ्या मजुरांना 'कास्कारियेरो' म्हणत. म्हणजे केचुआ बोलणाराहि तिला साल म्हणत होता आणि स्पॅनिश बोलणाराहि सालच म्हणत होता.

तथापि युरोपांत जें नांव पोंचलें तें 'किना' नव्हे, तर 'किना-किना', असें दोनदां उच्चारलेलें. इ. स. १७३५ मध्यें फ्रेंच विद्वानांची एक मंडळी पृथ्वीचा आकार मोजण्यासाठीं कीटोच्या प्रदेशांत गेली. तींत ला काँदामीन नांवाचा गणिती होता. तो १७३७ सालीं लोहा या गांवीं गेला, झाड स्वतः पाहिलें आणि त्याचें वर्णन लिहून पॅरिसच्या विज्ञानमंडळाकडे धाडलें. हा गृहस्थ नुसता गणिती नव्हता, त्याला शब्दांचाहि नाद होता. त्यानें जुना केचुआ कोश उघडून पाहिला. त्यांत त्याला 'किना'शीं जुळणारा असा एक शब्द मिळाला, त्याचा अर्थ होता तेथील लोक पांघरतात तसली लहान शाल. त्यावरून त्यानें तर्क केला कीं साल म्हणजे झाडाचें पांघरूण, आणि 'किना-किना' म्हणजे सालींतली साल, सर्व सालींत श्रेष्ठ. आपल्याकडेहि वल्कल म्हणजे साल आणि वल्कल म्हणजे वस्त्र. तेव्हां हा तर्क मराठी माणसाला चटकन पटण्यासारखा आहे.

पण त्याच ला काँदामीननें आणखी एक गोष्ट नोंदवून ठेविली, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. 'किना-किना' हें नांव मुळीं या झाडाचें नव्हतेंच! तें दुसऱ्याच एका झाडाचें, पेरूचा सुगंधी बाल्सम ज्यापासून निघतो त्या झाडाचें होतें. त्याचीहि साल तापावर देत असत आणि त्या सालीला बाजारांत मागणी होती. पुढें लोहाकडील नवी साल बाजारांत आली तेव्हां जुन्या सालीच्या जागीं ती विकली जाऊं लागली, प्रथम भेसळ म्हणून आणि मग बदली म्हणून. नवी साल गुणानें इतकी सरस ठरली कीं जुनी साल मागें पडली आणि तिचें नांव मात्र नव्या सालीला चिकटून राहिलें. खऱ्या मालकाला घरांतून काढून भाडेकरूनें त्याची पाटी तशीच ठेवावी असा हा प्रकार झाला. कोणत्याहि शब्दाची व्युत्पत्ति सांगतांना त्याचा अर्थ सांगून भागत नाहीं, तो अर्थ कोणत्या वस्तूला लागू होता हेंहि पाहावें लागतें, तें यासाठीं.

या झाडाचें दुसरें नांव 'सिंकोना'. तें शास्त्रीय नांव आहे, आणि त्याची हकीकत अधिकच विचित्र आहे. पुष्कळ वर्षें शाळेच्या पुस्तकांतून एक गोष्ट छापली जात असे. पेरूच्या स्पॅनिश व्हॉइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, लिमा शहरीं तापानें अंथरुणाला खिळली. लोहाच्या अधिकाऱ्यानें एका सालीची भुकटी पाठविली. ती घेऊन बाई बऱ्या झाल्या. त्यांनीं ती गोरगरिबांना वांटली आणि स्वदेशीं परत जातांना बरोबर नेली. गोष्ट गोड आहे. ती जिनोआच्या सेबास्त्यानो बादो नांवाच्या वैद्यानें १६६३ सालीं छापलेल्या पुस्तकांत आहे. तिच्यावर विश्वास ठेवून लिनीयसनें १७४२ सालीं त्या झाडाला काउंटेसचें नांव दिलें. देतांना 'चिंचोन'मधलें एक अक्षर गाळलें, म्हणून 'चिंचोना'ऐवजीं 'सिंकोना' झालें. पुढें सर क्लेमेंट्स मार्कम यानें त्या गळालेल्या अक्षरासाठीं पुस्तक लिहून मोठें भांडण मांडलें, पण शास्त्रज्ञांनीं लिनीयसची चूक तशीच राखली.

मार्कमनें एका अक्षरावर एवढी शाई खर्चिली. गोष्ट खरी कीं खोटी याकडे मात्र त्यानें लक्ष दिलें नाहीं. १९४१ सालीं हॅगिस नांवाच्या संशोधकानें जुनीं दप्तरें तपासलीं. काउंटचा चिटणीस रोजनिशी लिहीत असे, आणि ती उपलब्ध आहे. काउंटची पहिली पत्नी, जिचें नांव गोष्टींत येतें ती, नवरा व्हॉइसरॉय होण्यापूर्वींच स्पेनमध्यें वारली होती. दुसरी पत्नी लिमाला होती, परंतु तिला असला ताप आल्याचा व सालीनें तो गेल्याचा रोजनिशींत उल्लेख नाहीं. ताप येत असे तो खुद्द काउंटला. स्पेनला साल नेऊन वांटण्याची गोष्ट तर दूरच राहिली, कारण परतीच्या वाटेवर १६४१ सालीं कार्ताहेना बंदरांत ती मरण पावली. अशा रीतीनें, ज्या बाईनें ती साल कधीं चाखल्याचा पुरावा नाहीं, तिचें नांव त्या झाडाला, आणि ज्या झाडाची ती साल नव्हे, त्याचें नांव त्या औषधाला! एका वस्तूचीं दोन नांवें आणि दोन्हीं चुकून पडलेलीं, असें उदाहरण शोधूनहि क्वचितच मिळेल.

लेखी आधार ज्याला म्हणावा तो १६३८ सालीं छापलेल्या एका ग्रंथांत आहे. आंतोन्यो द ला कालांचा नांवाच्या ऑगस्टीन पंथाच्या साधूनें त्यांत लिहिलें आहे कीं लोहाच्या प्रदेशांत 'तापाचें झाड' म्हणून एक झाड होतें, त्याची साल दालचिनीच्या रंगाची असते, आणि दोन लहान नाण्यांच्या वजनाइतकी तिची भुकटी पेयांत घालून दिल्यास ताप जातो. त्या साधूलाहि दालचिनीच आठवली हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. तेथील मूळ रहिवाशांना हिंवतापावर ही साल पूर्वींपासून ठाऊक होती काय, हा वादाचा विषय आहे. कारण हिंवतापच मुळीं जुन्या जगांतून, युरोपीय व आफ्रिकी माणसांच्या अंगांतून, अमेरिकेंत गेला असें आतां बहुतेक विद्वान मानतात. थंडीनें भरणाऱ्या हुडहुडीवर ते लोक ती घेत असावेत, असा एक तर्क आहे. आपल्या चरकसंहितेंत सतत, अन्येद्युष्क, तृतीयक, चातुर्थिक असे विषमज्वराचे प्रकार सांगितले आहेत, म्हणजे रोग आपल्याकडे पुरातन. त्यावर रामबाण ठरणारें झाड मात्र समुद्रापलीकडे, जेथें तो रोगच नव्हता अशा डोंगरांत उभें होतें. आपल्या कोंकणांत व गोव्यांत तापावर सातवीणीची साल देत, तीहि कडूच. पण तिची सर या सालीला कशी येणार?

युरोपांत ही साल जेझुइट पाद्र्यांनीं नेली. रोममध्यें कार्डिनल द लूगो यानें ती गरिबांना फुकट वांटली, म्हणून तिला 'जेझुइटांची पूड' आणि 'कार्डिनलची पूड' म्हणूं लागले. प्रॉटेस्टंट देशांत पाद्र्यांच्या नांवामुळेंच ती संशयास्पद ठरली. इंग्लंडांत रॉबर्ट टॉलबर नांवाच्या एका हुषार माणसानें त्या संशयाचा बरोबर फायदा घेतला. तो उघडपणें त्या पुडीची निंदा करी, आणि स्वतःचें गुप्त औषध म्हणून तीच दारूंत मिसळून देई. त्यानें इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स बरा केला, सरदारकी मिळविली, मग फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें त्याच्याकडून तें गुपित विकत घेतलें आणि टॉलबरच्या मरणानंतर तें छापून प्रसिद्ध केलें. गुपित काय होतें? साल, आणखी काय!

१८२० सालीं पॅरिसमध्यें पेल्त्ये आणि काव्हाँतू या दोन औषधशास्त्रज्ञांनीं सालींतून तिचें सत्त्व वेगळें काढलें. त्यांनीं त्याचें पेटंट घेतलें नाहीं, रीत सर्वांना खुली केली. या व्यवहारांत इतकी निर्लोभी माणसें फार थोडीं आढळतात. सत्त्वाला त्यांनीं 'किना'वरून नांव दिलें, तेंच क्विनाईन. सालींत आणखीहि सत्त्वें निघालीं. त्यांतल्या कांहींना 'किना'वरून आणि कांहींना काउंटेसवरून नांवें पडलीं: क्विनिडीन, सिंकोनीन, सिंकोनिडीन. एकाच सालीच्या पोटीं दोन कुळांचीं नांवें नांदूं लागलीं.

याच सालीचें तिसरें एक नांव पुष्कळ मराठी घरांतल्या पेटींत आहे आणि तें चुकीनें वाचलें जातें. होमिओपथीच्या गोळ्यांची पेटी उघडली तर एका बाटलीवर 'चायना' असें लिहिलेलें असतें. अनेकांना वाटतें कीं हें औषध चीन देशांतून आलें. वस्तुतः तें 'किना'चेंच युरोपीय लेखन आहे. जर्मन भाषेंत सालीला 'किनारिंदे' असें म्हणतात आणि तें लिहितांना 'च'चीं अक्षरें घालतात. इंग्रजी वाचणाऱ्यांनीं त्याचा चीन केला. १७९० सालीं हानेमान हा वैद्य कलन नांवाच्या स्कॉच वैद्याच्या ग्रंथाचें भाषांतर करीत होता. त्यांत या सालीविषयीं दिलेलें कारण त्याला पटेना, म्हणून त्यानें ती स्वतः घेऊन पाहिली, आणि त्याच्या पद्धतीचा आरंभ तेथून झाला. आतां गंमत अशी कीं 'दालचिनी' या शब्दांतला चीन मात्र खरा आहे. फारसींत 'दार' म्हणजे लांकूड आणि 'चीनी' म्हणजे चीनचें. 'दारचीनी'ची मराठींत दालचिनी झाली. म्हणजे एका सालींत चीन आहे तो कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, आणि दुसरींत नाहीं तो सर्वांना दिसतो.

येथपर्यंत शब्दाची हकीकत झाली. सालीची हकीकत यापेक्षां कठोर आहे. साल काढायची म्हणजे झाड तोडून सोलायचें, अशी रीत होती. अँडीजच्या उतारावरचीं रानें शें-दीडशें वर्षांत विरळ झालीं. तिकडे उष्ण देशांत राज्य वाढवूं पाहणाऱ्या युरोपीय सत्तांना क्विनाईनविना पाऊल टाकतां येईना. तेव्हां झाडच उचलून आपल्या ताब्यांतील डोंगरांत लावावें, असें डच व इंग्रज या दोघांनीं ठरविलें. आणि तीं राष्ट्रें बीं बाहेर जाऊं देण्यास नाखूष होतीं हें उघड आहे. डचांनीं प्रथम जें झाड जावा बेटांत नेलें त्याच्या सालींत सत्त्व जवळ जवळ नव्हतेंच. तरी त्याचीं दहा लाखांहून अधिक रोपें त्यांनीं लाविलीं. इंग्रजांसाठीं मार्कम १८६० सालीं गेला. त्याचीं स्वतःचीं रोपें तांबड्या समुद्रावरील उन्हांत होरपळून गेलीं. पण त्याचा सहकारी रिचर्ड स्प्रूस यानें चिंबोराझो पर्वताच्या पायथ्याशीं, स्वतः आजारी असतांना, लाल सालीच्या जातीचें एक लाख बीं आणि ६३७ रोपें जमविलीं. तीं उटकमंडला पोंचलीं. तेथें मॅकायव्हर नांवाच्या माळ्यानें झाड न तोडतां सालीच्या पट्ट्या काढायच्या आणि उघड्या जागीं ओलें शेवाळ बांधायचें, अशी रीत काढली. त्या जागीं जी नवी साल धरे ती पहिलीपेक्षां सत्त्वाढ्य असे. नीलगिरीवर नडुवट्टम् येथील मळ्यांत चिनी कैद्यांकडून काम करून घेतलें जाई. 'चायना'चा चिनाशीं खराखुरा संबंध जर कोठें आला असेल तर तो येथें, बेड्यांच्या रूपानें.

महाबळेश्वरला फिरायला जाणारे लोक लिंगमळ्याचा धबधबा पाहतात. मुंबई सरकारनें १८६० नंतरच्या दशकांत तेथें सिंकोनाचा मळा केला होता. चार महिने कोसळता पाऊस आणि पुढचे आठ महिने कोरड, असल्या हवेंत अँडीजच्या ओल्या धुक्यांतलें झाड कसें तगावें? प्रयोग फसला आणि मळा सोडून द्यावा लागला.

पण ज्या बियांनीं जगाचा बाजार फिरविला त्या मार्कमच्याहि नव्हत आणि स्प्रूसच्याहि नव्हत. चार्ल्स लेजर नांवाचा एक इंग्रज व्यापारी दक्षिण अमेरिकेंत लोंकर, साल, जनावरें यांचा व्यापार करी. त्याच्या पदरीं मान्युएल इंक्रा मामानी नांवाचा बोलिव्हियांतला आयमारा जातीचा नोकर होता. सालीचें झाड पाहून, पानाच्या रंगावरून, कोणतें सकस आणि कोणतें पोकळ हें सांगणारा त्याच्यासारखा दुसरा नव्हता. लेजरनें १८६१ च्या सुमारास त्याला उत्तमांतलें उत्तम बीं आणायला सांगितलें. मामानी बोलिव्हियाच्या रानांत गेला. पहिल्या वर्षीं बीं पिकण्याच्या वेळीं कडाक्याची थंडी पडली आणि तें गेलें. दुसऱ्या वर्षीं तेंच. तिसऱ्या वर्षीं तेंच. तो परत आला नाहीं, थांबला. चौथ्या हंगामांत बीं धरलें, आणि १८६५ सालीं तो पर्वत ओलांडून, शेंकडो मैल पायीं चालून, ताक्ना गांवीं धन्याच्या दारांत उभा राहिला.

लेजरनें बीं लंडनला भावाकडे पाठविलें. इंग्रज सरकारनें तें घेण्याचें नाकारलें. मग भाऊ हॉलंडला गेला. डच सरकारनें बिचकत बिचकत एक पौंड बीं शंभर गिल्डरांना विकत घेतलें. उरलेलें बीं हिंदुस्थानांतल्या एका मळेवाल्यानें घेतलें, पण तें इकडे फारसें रुजलें नाहीं. जावांत मात्र त्या एका पौंडांतून हजारों रोपें उगवलीं. इतर सालींत शेंकडा दोन-चार भाग सत्त्व निघे तेथें यांच्या सालींत तें दहा-बारा भागांपर्यंत निघूं लागलें. त्या जातीला शास्त्रज्ञांनीं 'लेजेरियाना' असें नांव दिलें. लेजरला आणखी बीं हवें होतें. त्यानें मामानीला पुन्हां पाठविलें. या वेळीं कोरोइको येथील अधिकाऱ्यानें मामानीला पकडलें. बीं कोणासाठीं, हें सांग म्हणून त्याला तुरुंगांत उपाशी ठेवून मारहाण केली. त्यानें धन्याचें नांव सांगितलें नाहीं. सुटला, आणि थोड्याच दिवसांत मेला.

लेजरचाहि फार लाभ झाला नाहीं. डच सरकारनें १८९७ सालीं त्याला लहानसें पेन्शन दिलें, तें कित्येकांच्या रदबदलीनंतर. १९०५ सालीं तो ऑस्ट्रेलियांत गरिबींत वारला. तरी त्याचें नांव झाडाला राहिलें. काउंटेसचें राहिलें, लेजरचें राहिलें. मामानीचें नांव कोणत्याहि जातीला नाहीं.

पुढचा इतिहास आंकड्यांचा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बराच काळ जगाच्या क्विनाईनपैकीं नव्वद टक्क्यांहून अधिक साल एकट्या जावा बेटांतून येत असे आणि तिचा भाव अ‍ॅम्स्टरडॅमचा 'किना ब्यूरो' ठरवीत असे. या संस्थेच्या पाटीवर केचुआ शब्द जसाच्या तसा होता. हिंदुस्थानांत दार्जिलिंगजवळ मंगपू येथें सरकारी मळा व कारखाना होता. रवींद्रनाथ ठाकूर १९३८ ते १९४० या काळांत जेथें उन्हाळ्यांत राहण्यास जात तें मंगपू हेंच, आणि त्यांच्या यजमानीण मैत्रेयीदेवी यांचे पति त्या कारखान्याचे प्रमुख होते. बंगाल्यांत १८९२ पासून टपालकचेऱ्यांतून एका पैशाला क्विनाईनची पुडी मिळे, आणि ती पद्धत पुढें इतर प्रांतांतहि पसरली. तरी देशाची गरज मंगपूच्या व नीलगिरीच्या मळ्यांतून कधींच भागली नाहीं. मार्च १९४२ मध्यें जपानी सैन्यानें जावा घेतलें आणि जगाची साल एका झटक्यांत तुटली. १९४३ सालीं बंगालांत दुष्काळ पडला. भुकेनें खंगलेल्या माणसांवर त्याच वर्षीं व पुढल्या वर्षीं हिंवताप तुटून पडला. जीं लाखों माणसें मेलीं त्यांतलीं फार मोठ्या संख्येनें या तापानें मेलीं, आणि पुड्या पुरेशा नव्हत्या. १८६५ सालीं लंडनांत जें बीं नको म्हणून परत केलें, त्याची किंमत अशी हिंदुस्थानानें भरली असें म्हटल्यास तें फारसें चुकीचें होणार नाहीं.

महायुद्धाच्या गरजेंतून कृत्रिम औषधें पुढें आलीं. त्यांच्या नांवांत पाहिलें तर क्लोरोक्वीन, प्रायमाक्वीन अशीं शेपटें दिसतात. २०२० च्या साथींत वर्तमानपत्रांतून रोज छापून येणारें 'हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन' हें लांबलचक नांव उच्चारतांना ज्यांची बोबडी वळली, त्यांना ठाऊक नव्हतें कीं त्या नांवाच्या टोकाला अँडीजमधल्या मजुराचा 'साल' हा शब्द लोंबतो आहे. त्या गोळींत सालीचा कण नाहीं. शब्द तेवढा आहे. पेरू देशानें १८२५ पासून आपल्या राजचिन्हावर हें झाड काढलें आहे.

आणि आपल्याकडे? पुण्यामुंबईच्या जुन्या बंगल्यांभोंवतीं एक दाट, हिरवें, कापून सारखें केलेलें कुंपण असे, आणि कित्येक ठिकाणीं तें अजूनहि आहे. त्याच्या पानांना ना साल, ना सिंकोनाशीं कसलें नातें. झाड आपल्याच समुद्रकांठचें. परंतु पान चावलें तर तोंड कडू होतें. एवढ्यावरून लोकांनीं त्या कुंपणाला नांव दिलें 'कोयनेल', आणि माळ्याला आज सांगितलें कीं कोयनेल कापायची आहे, तर तो औषधाच्या पेटीकडे न पाहतां कात्री घेऊन फाटकाकडे जातो.